नळाच्या पाण्यातील नैसर्गिक किरणोत्सार: आधी ओळख, मग उपाय

पाण्यात किरणोत्सारी द्रव्ये आढळली असे कळले की बहुतेकांच्या मनात प्रथम अणुभट्टी किंवा एखादा अपघात येतो. प्रत्यक्षात शहरांच्या नळाच्या पाण्यात सापडणाऱ्या अशा द्रव्यांचा बहुतांश भाग जमिनीखालच्या खडकांतून आलेला असतो. युरेनियम-२३८ चा अर्धायुष्यकाल (अर्धे अणू क्षय पावून दुसऱ्या द्रव्यात बदलण्यास लागणारा काळ) सुमारे ४४७ कोटी वर्षे आणि थोरियम-२३२ चा सुमारे १,४०० कोटी वर्षे असल्यामुळे पृथ्वीच्या जन्मापासूनची ही मूलद्रव्ये अजून खडकांत शिल्लक आहेत, आणि त्यांच्या क्षयातून रेडियम, रेडॉन, पोलोनियम, किरणोत्सारी शिसे अशी साखळी अखंड तयार होत राहते. खडकांच्या भेगांतून आणि वाळूच्या थरांतून फिरणारे पाणी या साखळीतील काही द्रव्ये विरघळवून आपल्याबरोबर आणते.

या द्रव्यांना ‘किरणोत्सारी प्रदूषण’ अशा एकाच नावाखाली ढकलणे सोयीचे असले, तरी उपाय शोधताना हीच सवय सर्वाधिक घात करते. युरेनियम, रेडियम आणि रेडॉन यांचे रासायनिक स्वभाव इतके वेगळे आहेत की एकासाठी उत्तम ठरलेले यंत्र दुसऱ्यासाठी निरुपयोगी असते. म्हणून पाण्याचा स्रोत समजून घेणे, उपलब्ध अहवाल वाचणे, गरज असल्यास योग्य ती तपासणी करून घेणे आणि त्यानंतरच यंत्र निवडणे, हा क्रम मोडू नये. व्यवहारात मात्र बहुतेक ठिकाणी यंत्र आधी घेतले जाते.

पाणी कोठून येते ते पाहणे

नदी, तलाव किंवा धरण यांतून येणाऱ्या पाण्यात ही द्रव्ये सहसा कमी असतात. पृष्ठभागावरील पाण्याचा खडकाशी दीर्घकाळ संपर्क येत नाही, आणि रेडॉन हा वायू असल्यामुळे उघड्या पाण्यातून तो हवेत निघून जातो. खोल विंधनविहिरींतून, विशेषतः ग्रॅनाइट किंवा जुन्या वालुकाश्माच्या थरांतून उपसलेल्या पाण्याबाबत मात्र जागरूक राहावे लागते. फिनलंडमधील खडकात खणलेल्या विहिरींत युरेनियम आणि रेडॉन यांचे मोठे प्रमाण दीर्घकाळ नोंदले गेले आहे. कित्येक शहरे तलावाचे आणि विंधनविहिरींचे पाणी मिसळून पुरवतात, आणि टंचाईच्या महिन्यांत विहिरींचा वाटा वाढवतात. आपल्या भागाला कोणत्या स्रोताचे पाणी येते आणि वर्षभरात हे प्रमाण बदलते का, हा पाणीपुरवठा विभागाला विचारायचा पहिला प्रश्न होय.

भूजलाचे रसायनही थोडे समजून घ्यावे. प्राणवायू आणि बायकार्बोनेट भरपूर असलेल्या पाण्यात युरेनियम कार्बोनेटशी संयुग करून सहज विरघळलेले राहते. रेडियमचे नेमके उलट आहे. ते प्राणवायू कमी असलेल्या, खारट किंवा आम्लधर्मी पाण्यात अधिक मोकळे होते. त्यामुळे युरेनियम कमी आढळले म्हणजे रेडियमही कमी असेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. या ढोबळ नियमालाही अपवाद आहेत. जॉर्डनमधील दिसी येथील वालुकाश्मातील पाणी गोडे आणि प्राणवायूयुक्त असूनही त्यात रेडियमचे प्रमाण लक्षणीय असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. रेडियमला धरून ठेवणारी चिकणमाती त्या वालुकाश्मात अतिशय कमी होती, हे त्याचे कारण दिले गेले. हेच पाणी २०१३ पासून नळमार्गाने अम्मान शहराकडे नेले जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा शहराने खोल वालुकाश्मातील रेडियमशी अनेक वर्षे झुंज दिल्यावर २०२३ मध्ये मिशिगन सरोवराचे पाणी घेण्यास सुरुवात केली. स्रोत बदलणे हाच कधीकधी खरा उपाय असतो, आणि तो घरात बसवलेल्या कोणत्याही यंत्रापेक्षा टिकाऊ असतो.

आणखी एक बारीक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. रेडियम जुन्या नळांच्या आतील लोह आणि मँगॅनीजच्या थरांत साठत जाते. स्रोत बदलल्यावर किंवा पाण्याचे रसायन अचानक बदलल्यावर त्या थरांतून काही भाग सुटून पाण्यात येऊ शकतो. म्हणून जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी घेतलेला नमुना आणि घरातील नळाचा नमुना एकसारखेच असतील असे गृहीत धरू नये. लालसर किंवा काळपट गढूळ पाणी आल्यास ते स्वच्छ होईपर्यंत पिण्यासाठी भरू नये.

अहवालातील आकडे वाचणे

अहवालात बहुधा दोन एकके भेटतात. एका सेकंदाला एका अणूचा क्षय म्हणजे एक बेक्वेरेल, आणि एक पिकोक्युरी म्हणजे ०.०३७ बेक्वेरेल. युरेनियम मात्र पुष्कळदा वजनाने, म्हणजे लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये दिलेले असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने रेडियम-२२६ आणि रेडियम-२२८ यांच्या बेरजेसाठी लिटरमागे ५ पिकोक्युरी, एकूण अल्फा किरणोत्सारासाठी (अणूतून सुटणाऱ्या जड अल्फा कणांच्या एकत्रित मोजणीसाठी) १५ पिकोक्युरी आणि युरेनियमसाठी ३० मायक्रोग्रॅम या मर्यादा घातल्या आहेत. बेक्वेरेलमध्ये पहिली मर्यादा ०.१८५ आणि दुसरी सुमारे ०.५६ होते. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत थोडी वेगळी आहे. तिच्या मते एकूण अल्फा लिटरमागे ०.५ बेक्वेरेल आणि एकूण बीटा (हलक्या बीटा कणांची मोजणी) १ बेक्वेरेल यांच्या आत असल्यास पुढील तपासणीची सहसा गरज नसते. युरेनियमसाठी तिचा मार्गदर्शक आकडाही ३० मायक्रोग्रॅमच आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत एकूण अल्फाची मर्यादा ०.१ बेक्वेरेल, म्हणजे आणखी कडक आहे. आकडा हाती आला की तो कोणत्या मर्यादेशी ताडून पाहिला आहे, हे आधी तपासावे.

एकूण अल्फा हा आकडा चाळणीसारखा असतो. तो संशयित वेगळे काढतो, गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. नैसर्गिक युरेनियमच्या प्रत्येक मायक्रोग्रॅममधून साधारण ०.०२५ बेक्वेरेल अल्फा किरणोत्सार होतो, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम युरेनियम असलेल्या पाण्याचा एकूण अल्फा केवळ त्यामुळे ०.७५ बेक्वेरेलच्या आसपास जातो. अमेरिकी मर्यादेतून युरेनियम आणि रेडॉन वगळलेले असतात, इतर काही ठिकाणी युरेनियम धरलेले असते. म्हणून ‘एकूण अल्फा युरेनियमसह की युरेनियम वजा करून?’ हे स्पष्ट विचारावे.

उलट प्रकारची फसगत अधिक गंभीर आहे. रेडियम-२२८ हे थोरियमच्या साखळीतील समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे रूप) अल्फा कण सोडतच नाही, आणि त्याचे बीटा किरण इतके क्षीण असतात की एकूण बीटाच्या मोजणीतही ते नीट पकडले जात नाहीत. म्हणजे एकूण अल्फा समाधानकारक असूनही पाण्यात रेडियम-२२८ असू शकते, आणि बेक्वेरेलमागे त्याचा शरीरावरील परिणाम रेडियम-२२६ पेक्षा जास्त धरला जातो. भूजल पिणाऱ्या वस्तीने या समस्थानिकाची स्वतंत्र तपासणी झाली आहे का, हे आग्रहाने विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकूण बीटा वाढलेला दिसला, तर पाण्यातील पोटॅशियमचे प्रमाण पाहावे. एक ग्रॅम पोटॅशियममधून सुमारे २७.९ बेक्वेरेल बीटा किरणोत्सार होतो, आणि शरीर आपल्यातील पोटॅशियम ठरावीक पातळीवरच राखत असल्यामुळे हा भाग वजा करूनच उरलेल्याचा विचार करतात. शेवटी तारीख पाहावी. अमेरिकेत आधीचे निकाल फारच कमी आले असतील तर पुढील तपासणी नऊ वर्षांनीही चालते. त्यामुळे यंदाच्या अहवालात छापलेला आकडा बराच जुना असू शकतो. ‘आढळले नाही’ असे लिहिले असल्यास प्रयोगशाळेची शोधमर्यादा किती होती, हेही विचारणे योग्य ठरते.

आकड्याचा अर्थ मात्रेत कसा लावायचा, याचे एक उदाहरण पाहू. दिवसाला २ लिटर म्हणजे वर्षाला ७३० लिटर पाणी पिणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या पाण्यात लिटरमागे ०.५ बेक्वेरेल रेडियम-२२६ असेल, तर वर्षभरात ३६५ बेक्वेरेल पोटात जातात. प्रौढांसाठी प्रत्येक बेक्वेरेलमागे ०.२८ मायक्रोसीव्हर्ट (सीव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) ही मात्रा धरली जाते, म्हणून एकूण मात्रा सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट होते. पिण्याच्या पाण्यातून वर्षाला मिळणाऱ्या मात्रेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने धरलेला निकषही हाच आहे. निसर्गातील सर्व मार्गांनी माणसाला मिळणारी सरासरी वार्षिक मात्रा सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट असते. या तुलनेवरून दोन गोष्टी लक्षात येतात: मर्यादेच्या किंचित वर गेलेल्या पाण्याने कोणी आठवड्याभरात आजारी पडत नाही, आणि तरीही अनेक वर्षे रोज पिण्यात येणारे पाणी असल्याने तो आकडा दुर्लक्षावा असाही नसतो. रेडियमचे वर्तन कॅल्शियमसारखे असते, त्यामुळे ते हाडांत साठते. वाढत्या वयाच्या मुलांबाबत म्हणूनच अधिक काळजी घ्यावी. युरेनियमचा मुख्य धोका किरणोत्साराचा नसून रासायनिक आहे आणि तो मूत्रपिंडांवर पडतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी या एका आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे.

तपासणी करून घेणे

घरगुती साधनांनी ही तपासणी होत नाही. गायगर गणक (किरणोत्सार मोजणारे हातातले यंत्र) पाण्याच्या भांड्याजवळ धरून काहीही कळत नाही, कारण अल्फा कण पाण्याच्या अतिशय पातळ थरातच अडकतात आणि लिटरमागे एखाद्या बेक्वेरेलचा किरणोत्सार सभोवतालच्या नैसर्गिक पार्श्वभूमीत बुडून जातो. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा टीडीएस मीटरही उपयोगाचा नाही. ३० मायक्रोग्रॅम युरेनियम म्हणजे लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम, आणि शेकडो मिलिग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या क्षारांत ते दिसणे शक्यच नसते. किरणोत्सार मोजण्याची मान्यता असलेली प्रयोगशाळाच गाठावी लागते.

सार्वजनिक अहवालात माहिती नसेल, तर प्रयोगशाळेकडे एकूण अल्फा, एकूण बीटा, युरेनियम आणि रेडियम-२२८ एवढ्या तपासण्यांची मागणी करावी. अल्फा जास्त निघाल्यास आणि युरेनियमने त्याचा हिशेब लागत नसल्यास रेडियम-२२६, आणि त्यानेही न लागल्यास पोलोनियम-२१० पाहावे. सगळ्या समस्थानिकांची तपासणी आरंभीच करून घेणे म्हणजे अनाठायी खर्च होय.

बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. धातू बाटलीच्या भिंतींना चिकटू नयेत म्हणून नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात. ते बाटलीत आधीच घातलेले असल्यास बाटली विसळू नये आणि आम्लाला हात लावू नये. थंड पाण्याचा नळ काही मिनिटे वाहू द्यावा, तोंडावरील जाळी काढावी आणि मग नमुना भरावा. आम्ल घातलेला नमुना बराच काळ टिकतो, परंतु रेडियम-२२४ चा अर्धायुष्यकाल ३.६६ दिवसच असल्याने एकूण अल्फाची मोजणी दोन-तीन दिवसांत झाली तर त्याचाही माग लागतो. उशिरा मोजल्यास तोपर्यंत त्याचा मोठा भाग नाहीसा झालेला असतो. रेडॉनचा नमुना काचेच्या लहान कुपीत, पाण्याखालीच झाकण लावून, आत एकही बुडबुडा राहू न देता भरावा लागतो आणि लगेच पोहोचवावा लागतो. स्रोतांचे प्रमाण ऋतूनुसार बदलत असेल तर एका नमुन्यावर निर्णय घेऊ नये. विहिरींचा वाटा सर्वाधिक असतो त्या काळात दुसरा नमुना घ्यावा.

युरेनियम आणि रेडियमवरील उपाय

ही दोन्ही द्रव्ये मुख्यतः पिण्यातून आणि स्वयंपाकातून शरीरात जातात. त्वचेतून ती नगण्य प्रमाणात शिरतात, म्हणून आंघोळीचे किंवा कपडे धुण्याचे पाणी शुद्ध करण्याची गरज नसते. स्वयंपाकघरातील एका नळावर चांगले यंत्र बसवणे पुरेसे ठरते.

पाणी उकळू नये, म्हणजे या हेतूने उकळू नये. उकळल्याने जंतू मरतात, परंतु युरेनियम आणि रेडियम वाफेबरोबर जात नाहीत. १० लिटरचे ८ लिटर झाले, तर विरघळलेल्या युरेनियमचे प्रमाण सव्वापट होते. अतिनील किरणांचा दिवा आणि क्लोरीन यांचाही येथे उपयोग नाही. साध्या कार्बन फिल्टरवर किंवा फिल्टर बसवलेल्या जगवर या दोन द्रव्यांसाठी विसंबू नये.

आरओ, अर्थात उलट परासरण (दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळणे), हा घरगुती पातळीवर सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण तो युरेनियम आणि रेडियम दोन्ही साधारणपणे ९० टक्क्यांहून अधिक अडवतो. यात एक खोच आहे. अनेक यंत्रांत चव राखण्यासाठी टीडीएस कंट्रोलर नावाची तोटी असते, जी न गाळलेल्या पाण्याचा काही भाग शुद्ध पाण्यात मिसळते. त्या तोटीतून ३० टक्के कच्चे पाणी मिसळले, तर ३० टक्के युरेनियमही परत ग्लासात येते. ज्या घरात किरणोत्सारी द्रव्यांसाठी आरओ घेतला आहे तेथे ही तोटी पूर्ण बंद ठेवावी आणि चवीसाठी हवे असल्यास खनिजांचे वेगळे काडतूस वापरावे. पडदा शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी मात्र टीडीएस मीटर उपयोगी पडतो: आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याची नोंद ठेवावी, आणि क्षार अडवण्याचे प्रमाण उतरू लागले की पडदा बदलावा.

पाणी मृदू करणारा सॉफ्टनर, म्हणजे धनायन विनिमयाचे (पाण्यातील धनभारित कण धरून त्याबदल्यात सोडियम सोडणारे) रेझिन, रेडियमसाठी उत्तम काम करते. रेझिन रेडियमला कॅल्शियमपेक्षा घट्ट धरून ठेवते, त्यामुळे रेझिन संपत आले की आधी कठीणपणा बाहेर येऊ लागतो आणि रेडियम त्यानंतर. कठीणपणाची साधी घरगुती चाचणी अशा रीतीने रेडियमची पूर्वसूचना देते, आणि पाणी मृदू येत आहे तोवर रेडियम अडत आहे असे समजण्यास हरकत नसते. परंतु सोडियम टाळण्यासाठी पुष्कळ घरांत स्वयंपाकघराचा थंड पाण्याचा नळ सॉफ्टनरला न जोडता सरळ मुख्य नळाला जोडलेला असतो. तसे असेल, तर प्यायचे पाणी अगदी जसेच्या तसे येते आणि आंघोळीच्या पाण्यातील रेडियम काळजीपूर्वक काढले जाते! जोडणी प्रत्यक्ष पाहून घ्यावी.

युरेनियम मात्र सॉफ्टनरला जुमानत नाही. सर्वसाधारण पाण्यात ते कार्बोनेटबरोबर ऋणभारित संयुगाच्या रूपात असते, आणि त्यासाठी ऋणायन विनिमयाचे (ऋणभारित कण धरणारे) वेगळे रेझिन लागते. ते युरेनियम फार घट्ट पकडते, पण पाण्याचा सामू (पीएच) एकाएकी खूप उतरल्यास पकडलेले युरेनियम सोडूही शकते. म्हणून ठरलेल्या वेळापत्रकाने रेझिनचे पुनरुज्जीवन करावे. यंत्र विकत घेताना केवळ ‘जड धातू काढतो’ या वाक्यावर समाधान मानू नये. एनएसएफ/आन्सी या अमेरिकी मानकांपैकी ४४ हे सॉफ्टनरचे आणि ५८ हे आरओचे मानक असून दोन्हींत रेडियम-२२६/२२८ कमी करण्याचा स्वतंत्र दावा तपासून घेता येतो. प्रमाणपत्रावर त्या दाव्याचा उल्लेख नसेल, तर नुसत्या मानकाच्या क्रमांकाला अर्थ नाही.

रेडॉनचा वेगळा मार्ग

रेडॉनबाबत वरील हिशेब उलटा होतो. पाण्यातील रेडॉन पिण्यापेक्षा श्वासावाटे अधिक अपाय करतो, कारण शॉवर, भांडी घासणे, कपडे धुणे यांत तो पाण्यातून सुटून घरातील हवेत मिसळतो. स्वयंपाकघरातील नळावर यंत्र बसवून येथे काही साधत नाही. पाणी घरात शिरते तेथेच ते हाताळावे लागते. लिटरमागे १,००० बेक्वेरेल रेडॉन असलेल्या पाण्यामुळे घरातील हवेत घनमीटरमागे सरासरी १०० बेक्वेरेलची भर पडते, असा अंदाज धरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली हवेतील संदर्भ पातळीही १०० बेक्वेरेलच आहे. घरातील रेडॉनचा मोठा वाटा बहुधा पायाखालच्या जमिनीतून येत असल्यामुळे आधी हवेची तपासणी करावी. हवा ठीक असेल तर पाण्यामागे लागण्याचे कारण उरत नाही.

शहरी पुरवठ्यात हा प्रश्न सहसा सौम्य होतो. रेडॉन-२२२ चा अर्धायुष्यकाल ३.८ दिवसांचा आहे, आणि केंद्रात पाण्यात हवा खेळवल्याने त्याचा बहुतेक भाग उडून जातो. विंधनविहिरीचे पाणी थेट नळाला जोडलेले असल्यास घराच्या प्रवेशाशी हवा खेळवणारे यंत्र बसवणे सर्वांत चांगले, मात्र त्यातून निघणारी हवा छपराच्या वर सोडावी. सक्रिय कार्बनची टाकीही रेडॉन अडवते, पण अडकलेल्या रेडॉनच्या क्षयातून गॅमा किरण सोडणारी द्रव्ये टाकीत साठत जातात. अशी टाकी झोपण्या-बसण्याच्या खोलीशेजारी ठेवू नये.

बसवल्यानंतर

यंत्र सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी आधीचे आणि नंतरचे असे दोन नमुने एकाच दिवशी घेऊन प्रयोगशाळेत पाठवावेत. तपासण्या त्याच द्रव्याच्या असाव्यात, ज्यासाठी यंत्र घेतले. पुढे वर्षातून एकदा, किंवा पाणीपुरवठ्याचा स्रोत बदलल्याचे कळताच, नंतरचा नमुना पुन्हा तपासावा. आरओचे सांडपाणी झाडांना किंवा फरशीला वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की अडवलेली द्रव्ये त्यातच गेलेली असतात; फरशी पुसण्यास अडचण नाही, पण भाजीपाल्याला ते वर्षानुवर्षे घालत राहणे टाळावे. जुने रेझिन आणि कार्बन मोकळे करून उन्हात वाळवणे किंवा बागेत पसरणे कटाक्षाने टाळावे; ते हातमोजे घालून ओलेच पिशवीत बंद करावे आणि स्थानिक कचरा विभागाला विचारून, किंवा यंत्र बसवणाऱ्याकडे परत देऊन, मार्गी लावावे.